बायपाससाठी शीर कुठली घ्यायची? सर्जनला भेटण्याआधी हे वाचा

मुंबईत हृदयशस्त्रक्रियेच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. निवृत्त होऊन मालवणात आले, तेव्हापासून बायपास ठरलेल्या घरची माणसं फाइल घेऊन येतात. खर्चाचं, रक्ताच्या बाटल्यांचं सगळं विचारून झालेलं असतं. बायपासमध्ये ब्लॉकच्या पुढे रक्त न्यायला शरीरातलीच दुसरी शीर जोडतात; ती कुठली घेणार, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. निर्णय सर्जनचाच, पण त्याला तुमच्याकडची माहिती लागते.

पहिली शीर बहुधा ठरलेलीच असते. छातीच्या आत डावीकडे मॅमरी धमनी असते. तिचं वरचं टोक तसंच ठेवून खालचं टोक हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला, म्हणजे रिपोर्टमधल्या एलएडीला जोडतात. १० वर्षांनीही दहातल्या नऊ जणांत ती वाहती असते. पायाची शीर मुळात कमी दाबाची. धमनीचा दाब सोसताना तिची भिंत जाड होते आणि १० वर्षांत जवळपास निम्म्या शिरा बंद पडतात. म्हणून ‘एलएडीला मॅमरीच लावणार ना?’ हे आधी विचारा. छातीला पूर्वी रेडिएशन दिलं असेल, तर न विसरता सांगा.

विचार करायचा तो पुढच्या ग्राफ्टचा, म्हणजे बाकीच्या ब्लॉकसाठी जोडायच्या शिरेचा. मनगटाची रेडियल धमनी पायाच्या शिरेपेक्षा जास्त टिकते; २०१८ मध्ये सहा चाचण्यांतल्या हजारभर रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा हेच दिसलं. पण ती आखडते. ब्लॉक मध्यम असला, तर मूळ धमनीतून रक्त येतच राहतं आणि ही मिटते. म्हणून हृदयाच्या डावीकडच्या धमन्यांत ७० टक्क्यांहून अधिक, उजवीकडच्या धमनीत ९० टक्क्यांच्या आसपास ब्लॉक असेल तरच ती शोभते. अँजिओग्राफी ज्या मनगटातून झाली, ती धमनी शक्यतो घेत नाहीत. किडनीचा आजार असेल, तर पुढे डायलिसिसच्या फिस्टुलासाठी, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या वाटेसाठी, हात राखावा लागतो. आणि तुमचं काम सांगा: माडावर चढता, जाळी विणता, भजनात पखवाज वाजवता. धमनी काढल्यावर अंगठ्याकडे बधिरपणा राहू शकतो, म्हणून सहसा कमी वापराचा हात निवडतात. त्या हाताला रक्त पुरतं का, हे तपासूनच.

डावी आणि उजवी, अशा दोन्ही मॅमरी घेतल्या, तर मधुमेही आणि स्थूल माणसाचं छातीचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. साखर किती ताब्यात आहे, हे खरं सांगा.

‘सिस्टर, पायाची शीर काढली तर चलाक जमतला मां?’ हा प्रश्न हमखास येतो. जमतं. पायातलं बहुतेक रक्त खोलवरच्या शिरा वाहतात. काही आठवडे घोटा सुजतो. बसताना पाय उंच ठेवायचा. मात्र पोटरीवर व्हेरिकोज व्हेन, म्हणजे फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरा असतील किंवा त्यांचं ऑपरेशन झालं असेल, तर दोन्ही पाय उघडे करून दाखवा. वय फार असेल, ऑपरेशन तातडीचं असेल, तर पायाचीच शीर योग्य ठरते. तिथे हट्ट धरू नका.

ऑपरेशननंतर अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) मनाने बंद करायच्या नाहीत. विडी, तंबाखू, मशेरी, सगळं सोडायचं. डिस्चार्ज कार्डावर कुठली शीर कुठल्या धमनीला जोडली, हे लिहून घ्या; पुढे कधी अँजिओग्राफी करावी लागली, तर डॉक्टर आधी तेच विचारतील. आपल्याकडच्या पावसात कागद टिकत नाहीत, तेव्हा फोटो काढून मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.