एफट्रेसच्या फिल्टरमध्ये फंक्शनचं नाव लिहिल्यावर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट': माझा अनुभव

लिनक्स कर्नलचा एक पॅच तपासताना, त्यात बदललेलं स्टॅटिक (फक्त त्याच फाइलपुरतं असलेलं) फंक्शन खरंच चालतंय का हे एफट्रेसने, म्हणजे कर्नलमधली कोणती फंक्शन्स चालतात ते नोंदवणाऱ्या कर्नलच्याच सोयीने, पाहायचं होतं. कोणत्या फंक्शनची नोंद हवी ते सांगायच्या सेट_एफट्रेस_फिल्टर फाइलमध्ये नाव लिहिलं की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. कोड समोर दिसतोय आणि कर्नल म्हणतो असं काही नाहीच. डोकं उठलं होतं.

स्पेलिंग तपासलं, डायनॅमिक एफट्रेस (असा फिल्टर वापरू देणारा कर्नलचा पर्याय) चालू असल्याची खात्री केली, कर्नल नव्याने बिल्ड केला. फरक शून्य.

उपयोग झाला तो असा. रूट शेलमधून /सिस/कर्नल/ट्रेसिंगमध्ये जा. मॉड्यूल असेल तर आधी लोड करा. अव्हेलेबल_फिल्टर_फंक्शन्स या फाइलमध्ये, म्हणजे फिल्टरला चालणाऱ्या नावांच्या यादीत, नाव ग्रेप करा (शोधा), पण पूर्ण शब्द जुळवायचा हट्ट नको: जीसीसी हा कंपायलर फंक्शनमध्ये सुधारणा करताना कधीकधी नावामागे .आयएसआरए.0 किंवा .कॉन्स्टप्रॉप.0 जोडतो. तसं सापडलं तर शेपटीसकट तेच फिल्टरमध्ये लिहा. नाही सापडलं तर /प्रॉक/कॉलसिम्स ही कर्नलमधल्या नावांची यादी पाहा. तिथे असेल तर फंक्शनवर बहुधा नोट्रेस, म्हणजे 'याची नोंद नको' अशी खूण, आहे. ते मुद्दाम लावलेलं असतं, हात लावू नका.

दोन्हीकडे नसेल तर कंपायलरने ते इनलाइन केलं असणार, म्हणजे त्याचा कोड बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच मिसळला असणार. माझं दुखणं हेच होतं. फंक्शनच्या व्याख्येत स्टॅटिकनंतर नोइनलाइन (असं मिसळू नको) लिहा, बिल्ड करून बूट करा. मग फिल्टरमध्ये नाव, करंट_ट्रेसरमध्ये 'फंक्शन', त्यानंतर चाचणी, आणि शेवटी ट्रेस फाइल वाचा. झालं की नोंद बंद करायला करंट_ट्रेसरमध्ये 'नॉप' लिहा, फिल्टर रिकामा करा. नोइनलाइन फक्त तपासणीपुरतं. पॅचच्या लेखकाला ते सुचवू नका.