जुन्या फिल्म म्युझिकची नवी अरेंजमेंट कशी करायची

पुण्यात शॉर्ट फिल्म, डॉक्युमेंटरी, एकांकिकांना म्युझिक देणारे भरपूर जण आहेत, आणि प्रत्येकाच्या हार्डडिस्कवर चांगल्या चाली नुसत्या पडून असतात. फिल्म दोन फेस्टिव्हल फिरली, संपली. त्या चालींचं मैफलीसाठी किंवा अल्बमसाठी नवीन काहीतरी कसं करायचं ते सांगतो.

आधी कागदपत्रं, कंटाळा येतो पण उरकून टाका. निर्मात्याशी झालेला करार काढून वाचा, कारण चाल आणि रेकॉर्डिंग या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रेकॉर्डिंग बहुतेक वेळा निर्मात्याचंच असतं, म्हणजे जुने स्टेम्स (एकेका वाद्याचे सुटे ट्रॅक) सरळ उचलून वापरू नका, नव्याने वाजवून घ्या. चालीसाठीही लेखी परवानगी घेऊन ठेवा, मेलवर चालेल. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटरातलं प्रदर्शन सोडून बाकीच्या वापराच्या रॉयल्टीतला कंपोझरचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही, त्यामुळे आयपीआरएसचं, म्हणजे कंपोझर-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व नसेल तर घेऊन टाका.

आता चाल निवडायची. जुना प्रोजेक्ट उघडूच नका! उघडला की तोच स्ट्रिंग्सचा पॅड परत आवडायला लागतो आणि मग नवी अरेंजमेंट म्हणजे जुन्यावरच चार थर चढवणं होतं. त्यापेक्षा पेटी काढा, एका बोटाने चाल वाजवा, कॉर्ड नाही, ठेका नाही. तेवढ्यावर ऐकावीशी वाटली तर ती घ्या, नाहीतर तो नुसता माहोल होता, तो फिल्ममध्येच बरा. जपानी कंपोझर साकामोटोने 'मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्स' या फिल्मची १९८३ ची सिंथवरची थीम पुढे '१९९६' अल्बममध्ये पियानो, व्हायोलिन आणि चेलो एवढ्या तिघांवर केली, ऐकून बघा, काही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

खरी गंमत पुढे आहे. सिनेमाचं पार्श्वसंगीत डायलॉगला जागा देऊन लिहिलेलं असतं, म्हणजे माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात आपण मुद्दाम कमी वाजवतो, वर घंटीसारखं काहीतरी आणि खाली एक लांब स्वर. पडदा काढला की ती मधली जागा रिकामी ऐकू येते आणि लोकांना कळत नाही काय खटकतंय, पण खटकतं. तिथे आता कोणीतरी बोलायला हवं. माझं मत, चेलो. व्हायोलिन लगेच रडायला लागतं. चेलो नसेल तर पेटीचं मधलं सप्तक, पण एकच वाद्य ठेवा, गर्दी नको.

तसंच शेवटाचं. फिल्ममधला तुकडा सीन कट झाला म्हणून संपलेला असतो, चाल संपली म्हणून नाही. त्यामुळे नुसता फेडआउट करून चालणार नाही, सरळ एक अंतरा लिहा आणि मुखड्यावर परत या. लयही सीनच्या मापाची असते, मिनिटाला ७३ ठोके वगैरे कुठलातरी आकडा, तो विसरा, गुणगुणताना जी लय येते ती धरा.

ठेका बदलून बघाच, स्वर तेच ठेवून. समजा आठ मात्रांच्या केरव्यात चाल अशी आहे (ऽ म्हणजे थांबा): सा ऽ रे ग | प ऽ ग रे. दोन्ही थांबे काढले की सहा मात्रा होतात, दादऱ्यात बसली: सा रे ग | प ग रे. पहिला थांबा ठेवला की सात, म्हणजे रूपक: सा ऽ रे | ग प | ग रे. रूपकात पहिलीच मात्रा 'खाली', म्हणजे बिनजोराची, त्यामुळे तो सा दणकन न पडता अलगद टेकतो आणि तीच चाल एकदम वेगळ्या स्वभावाची होते. इळैयाराजांनी 'ओळंगळ' या मल्याळम फिल्ममधली १९८२ ची चाल २००९ च्या हिंदी 'पा'मध्ये परत वापरली, दोन्ही लागोपाठ ऐका, काय ठेवलंय आणि काय बदललंय ते वहीत लिहा, क्लासला जाण्यापेक्षा स्वस्त पडतं.

वाद्य ठरवलं की त्याची खालची हद्द बघा. बासरीवर सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, चाल त्याच्याखाली गेली तर तेवढा भाग दुसऱ्याला द्या किंवा अख्खी चाल वर घ्या. वादकाला पट्टी, म्हणजे सा कुठल्या स्वरावर धरायचा ते, आधी कळवा, बासरीवाला त्याप्रमाणे बासरी आणतो, ऐनवेळी "काळी दोन करूया का" म्हणालात तर शिव्या खाल.

कागद दोन प्रकारचे काढा, चेलोवाल्याला स्टाफ नोटेशन, पेटी-बासरीला सरगम, आणि दोन्हींवर बार नंबर सारखेच घाला, नाहीतर "सतरापासून घेऊ" म्हटल्यावर तिघं तीन ठिकाणी सुरू करतात. आणि घरी रेकॉर्ड करणार असाल, त्यातही नदीकाठच्या बाजूला राहत असाल, तर गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळचं काही ठेवू नका, ढोलपथकांच्या प्रॅक्टिसपुढे कुठलाही माइक टिकत नाही, सकाळी सातला बसा.