ओझे ओढणाऱ्या डिझेल ट्रकसाठी टर्बो कसा निवडावा

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र) बदलायचे मनात आले की बहुतेकांची नजर आधी अश्वशक्तीच्या आकड्यावर जाते. ज्या ट्रकला मागे जड ट्रेलर जोडून लांबलचक चढ चढायचे असतात, त्याच्या बाबतीत हा आकडा फारसा कामाचा नाही. असे इंजिन कमाल आरपीएमपर्यंत (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांपर्यंत) क्वचितच जाते. ते बराच वेळ साधारण १,६०० ते २,२०० आरपीएमच्या पट्ट्यात, जवळजवळ पूर्ण भाराखाली चालत असते. म्हणून टर्बो पाहताना, या पट्ट्यात इंजिनाला पुरेशी हवा मिळते का आणि ती मिळत असताना एक्झॉस्टचे तापमान आटोक्यात राहते का, हेच आधी विचारावे.

सुरुवात खरेदीने नव्हे, मोजमापाने करावी. ट्रक आणि भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन खरे वजन घ्यावे, कारण अंदाज बहुधा कमीच निघतो. त्यानंतर बूस्टचा (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा) मापक आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा मापक बसवून नेहमीच्या चढावर गिअर, आरपीएम, बूस्ट आणि तापमान या चारही गोष्टी लिहून ठेवाव्यात. तापमानाचा संवेदक टर्बाइनच्या (टर्बोतल्या, एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या) आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांतला एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या नळीतच) असावा. टर्बाइनमधून बाहेर पडलेला वायू बराच थंड झालेला असतो आणि तिथले वाचन खोटा दिलासा देते. बरेच जाणकार सलग चढावर टर्बाइनपूर्व तापमान सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या आत ठेवतात. इंजिन उत्पादकाने मर्यादा दिली असेल, तर अर्थातच तीच पाळावी. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनचे मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला मऊ पडू लागतात. पिस्टन वाचतो तो खालून उडणाऱ्या तेलामुळे आणि उष्णता वाहून नेणाऱ्या सिलिंडरच्या भिंतींमुळे. पण दहा-पंधरा मिनिटांच्या सलग चढावर ही सोयही तोकडी पडू शकते.

यानंतर हवेचा हिशेब करावा. तो दिसतो तितका अवघड नाही, आणि माझ्या मते टर्बो विकत घेणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या क्षमतेएवढी हवा एकदा ओढते. म्हणजे ६.७ लिटरचे इंजिन २,००० आरपीएमला मिनिटाला ६,७०० लिटर हवा ओढेल. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत हे धरून ९० टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६,००० लिटर, अर्थात ६ घनमीटर. इनटेकमधला निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा दाब धरून) २.५ बार आणि इंटरकूलरनंतरचे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागानंतरचे) तापमान ५० अंश असेल, तर एका घनमीटर हवेचे वजन साधारण २.७ किलो भरते. म्हणजे मिनिटाला सुमारे १६ किलो हवा. डिझेलच्या एका भागाला हवेचे २२ भाग धरले, तर धूर न होता मिनिटाला पाऊण किलोच्या आसपास डिझेल जाळता येते. याच हवेत जास्त डिझेल ओतले तर ताकद थोडी वाढेल, पण धूर आणि तापमानही वाढेल.

हे आकडे कंप्रेसरच्या (टर्बोतल्या, हवा दाबणाऱ्या चाकाच्या) नकाशावर, म्हणजे त्याच्या आलेखावर, ठेवावेत. त्यावर आडव्या अक्षावर दर मिनिटाला जाणाऱ्या हवेचे वस्तुमान आणि उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर (कंप्रेसरनंतरचा दाब भागिले आधीचा दाब) असते. आपला चढावरचा बिंदू सर्वाधिक कार्यक्षमतेच्या बेटात किंवा त्याच्या जवळ पडावा. तो डावीकडच्या सर्ज रेषेला (जिच्या पलीकडे हवा उलटी धडकू लागते) चिकटत असेल तर कंप्रेसर या कामासाठी मोठा आहे. उजव्या कडेला गेला तर तो लहान आहे आणि हवा विनाकारण तापवेल. उंचीचाही विचार इथेच करावा. समुद्रसपाटीला २.५ बारसाठी गुणोत्तर साधारण २.५ लागते, ३,००० मीटरवर बाहेरचा दाब सुमारे ०.७ बारच उरतो, म्हणून तेवढ्याच दाबासाठी ते ३.५ च्या वर जाते आणि टर्बोला बरेच जास्त वेगाने फिरावे लागते.

आता प्रकार निवडावा. ठरावीक आकाराचा, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूला सोडणारी झडप) असलेला टर्बो साधा आणि टिकाऊ असतो. त्याचे टर्बाइन हाउसिंग (टर्बाइनभोवतीचे कवच) लहान घेतले तर बूस्ट लवकर येतो, पण एक्झॉस्टचा मागचा (टर्बाइनआधी साठणारा) दाब वाढतो. मोठे घेतले तर चढाच्या सुरुवातीला ट्रक मरगळतो. भाराखाली मागचा दाब बूस्टच्या दीडपटीहून फार वर जात असेल, तर हाउसिंग लहान पडते आहे असे समजावे. व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो (टर्बाइनभोवतीच्या हलत्या पात्यांनी, म्हणजे व्हेननी, एक्झॉस्टची वाट लहान-मोठी करणारा) ही ओढाताण बरीच कमी करतो, आणि उतारावर त्याचा खरा फायदा कळतो: व्हेन मिटवून एक्झॉस्ट अडवता येतो आणि इंजिनच ब्रेकचे काम करते. असा टर्बो काढून ठरावीक आकाराचा बसवणाऱ्याने वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लावल्याशिवाय जड ट्रेलर घेऊन उतारावर जाऊ नये. व्हेरिएबल टर्बोला काजळीचा त्रास होतो, व्हेन अडकतात, हेही ध्यानात ठेवावे. एकामागून एक जोडलेल्या दोन टर्बोंत गुणोत्तरांचा गुणाकार होतो. प्रत्येकी २ असल्यास एकूण ४. उंचावर खूप जड माल ओढणाऱ्यासाठी ही रचना उत्तम असते, मात्र ती जागा खाते, खर्च वाढवते आणि नळ्यांचे सांधेही वाढवते. मध्यम वजनासाठी मी तिचा आग्रह धरणार नाही.

इंटरकूलर, रबरी नळ्या, क्लॅम्प आणि तेलाची नळी त्याच वेळी तपासावी. उत्सर्जन-नियंत्रणाची उपकरणे काढावी लागतील अशी जोडणी घेऊ नये. अनेक देशांत ते बेकायदेशीर आहे. ईसीयूचे (इंजिनाच्या नियंत्रक संगणकाचे) ट्यूनिंग नव्या टर्बोला जुळवून घ्यावे.

शेवटी तोच भार, तोच चढ आणि तोच गिअर घेऊन आधीच्या नोंदी पुन्हा कराव्यात, शक्यतो तशाच हवामानात. बूस्ट वाढला पण तापमान उतरले नाही, तर आधी हवेची गळती आणि डिझेलचे प्रमाण तपासावे. चढ संपल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे आयडलवर चालू ठेवावे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जळून कोळसा होणार नाही.