कोकणात गाडीचा इन्शुरन्स रिन्यू करताना पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात नाही

रिन्यूअलचा मेसेज आला की आकडा बघूनच डोकं फिरतं. गाडी एक वर्ष जुनी झाली, किंमत उतरली आणि प्रीमियम मात्र वर. मग आपण एजंटला फोन लावतो, जरा कमी करून दे रे म्हणतो, आणि तो पाच मिनिटात दीड-दोन हजार कमी करून नवीन कोटेशन पाठवतो. हे पैसे कुठून कमी झाले ते कोणीच विचारत नाही. बहुतेक वेळा आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, खाली ओढलेली असते, नाहीतर इंजिनचं कव्हर काढून टाकलेलं असतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात नेमकी हीच दोन कामाला येतात. म्हणून पैसे जरूर वाचवा, पण जागा बघून.

आधी गेल्या वर्षीची पॉलिसी काढा आणि शेड्यूलचं पान उघडा, जिथे रकमांचा तक्ता असतो. त्यात दोन भाग दिसतील, एक ओडी म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा आणि दुसरा थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, कुठल्याही कंपनीत गेलात तरी तोच, त्यामुळे त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. १ जून २०२२ ला लागू झालेले दर असे आहेत, १००० सीसीपर्यंतच्या प्रायव्हेट कारला २,०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७, आणि यावर १८ टक्के जीएसटी. आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं गाडीचाही गेला, तसं नाही, गाडीला अजून १८ टक्के आहेच.

गंमत बघा, इथे गाडीची किंमत बघतच नाहीत, फक्त सीसी बघतात. जुनी २५२३ सीसीची डीआय बोलेरो, विकायला काढली तर लाख-दीड लाखाला जाईल, पण तिची नुसती थर्ड पार्टी जीएसटी धरून ९,३१८ रुपये. नवीन बोलेरो १४९३ सीसीची, किंमत कितीतरी जास्त, तिला साधारण ४,०३१. प्रीमियर पद्मिनी १०८९ सीसी, अँबेसेडर १४८९ सीसीवाली, या दोन्ही मधल्या गटात. पण इसुझू इंजिनची १८१७ सीसीची अँबेसेडर वरच्या गटात जाते. मारुती ८०० आणि ओम्नी ७९६ सीसी, सगळ्यात स्वस्त. जुनी गाडी हौसेने घेणार असाल तर आरसी बुकावरची सीसी आधी बघा, दरवर्षीचा खर्च तिथेच ठरतो.

आता ओडी. इथे प्रत्येक कंपनीचा दर वेगळा, आणि खरी वाढ इथेच येते कारण आजकाल गाडी नुसती घासली तरी बिल मोठं होतं, बंपरमध्ये सेन्सर, आरशात कॅमेरा, हेडलाईट फुटला तर काच नाही पूर्ण युनिटच बदलायचं. तेव्हा ओडीचे दोन-तीन ठिकाणचे भाव घ्याच, पण सगळ्यांना एकच आयडीव्ही सांगून घ्या. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. पहिल्या पाच वर्षांत तो ठरलेल्या टक्क्याने उतरतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट, आणि पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी बोलून ठरवता. इथेच खेळ होतो, चार लाखांची गाडी तीन लाखांवर आणली की प्रीमियम कमी दिसतो, वर दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे कमी आयडीव्हीवाली गाडी लवकर टोटल लॉसमध्ये जाते आणि हातात पैसेही कमी येतात. आपल्या भागात तशीच गाडी आज बाजारात कितीला जाते ते विचारा आणि त्याच्या आसपास आयडीव्ही ठेवा.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, गाड्या जागच्या जागी बुडाल्या. महाडला सावित्री, खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली, सगळीकडे कमीजास्त हीच भीती. साध्या फर्स्ट पार्टी, म्हणजे ओडी आणि थर्ड पार्टी दोन्ही असलेल्या पॉलिसीत पूर, वादळ, दरड, सगळं येतं. निसर्ग वादळात ३ जून २०२० ला रायगड आणि दापोली-मंडणगड पट्ट्यात झाडं पडली, तसं माड किंवा फणस गाडीवर पडला तर तेही येतं. नुसती थर्ड पार्टी असेल तर यातलं काहीही मिळत नाही, दहा पैसे पण नाही.

पण पुरात सगळ्यात मोठा खर्च इंजिनचा असतो आणि तिथेच मेख आहे. गाडी पाण्यात उभी होती, पाणी ओसरलं, आपण घाईने स्टार्टर मारला, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाम. कंपनी म्हणते हे पुराने नाही झालं, तुम्ही चालू केली म्हणून झालं, आणि इंजिनचं बिल नाकारते. यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून जोडायचं कव्हर असतं. खाडीकाठी, नदीकाठी किंवा बाजारपेठेत गाडी लावत असाल तर हे घ्याच, दुसरं सगळं काढलंत तरी चालेल. आणि रिन्यूअलच्या वेळीच घ्या, पाणी चढायला लागल्यावर मधेच कोणी जोडून देत नाही.

ॲड-ऑन असो नसो, गाडी बुडाली तर चावी फिरवायची नाही, इग्निशनसुद्धा ऑन करायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढता आली तर काढा. दारावर किंवा सीटवर पाण्याची चिखलाची रेघ उमटते तिचा फोटो काढा, नंबर प्लेट दिसेल असा एक आणि आजूबाजूचा परिसर दिसेल असा एक, धुवायच्या आधी. मग कंपनीला कळवा, क्लेम नंबर लिहून ठेवा आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, बघून जाईपर्यंत मेकॅनिकला काही खोलू देऊ नका.

किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणाऱ्यांना एक सांगतो, भरतीत अडकलेल्या गाडीचा क्लेम निष्काळजीपणावरून अडतो, आणि खाऱ्या पाण्याने मग पत्रा सडतो तो वेगळाच. गंज कुठल्याच पॉलिसीत येत नाही. खाऱ्या वाऱ्याने फ्लोअर आधीच खाल्लेला असेल तर अपघातानंतर सर्व्हेअर तेवढा भाग वजा करतो. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामात गाडीला खालून अंडरकोटिंग मारायचं कामही धरा. आणि दाभोळ-धोपावे किंवा दिघी-आगरदांडा जेट्टीवरून गाडी बोटीत चढवताना धास्ती वाटत असेल तर पॉलिसीच्या कलमात रस्ता, रेल्वे आणि अंतर्गत जलमार्गाने नेताना होणारं नुकसान लिहिलेलं असतं, वाचून बघा.

बरं, मग वाचवायचं कुठे? पहिलं म्हणजे एनसीबी, नो क्लेम बोनस, सांभाळा. क्लेम नसेल तर ओडीवर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते, आणि एक क्लेम केला की सहसा शून्यावर येते. समजा ओडी ८,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात. बंपर तुटला, पार्ट ४,००० चा आणि मजुरी १,५००. झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीत घट न कापणारं ॲड-ऑन, नसेल तर प्लास्टिकच्या पार्टला निम्मी घट, म्हणजे २,००० अधिक मजुरी १,५००, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० वजा, हातात आले २,५००. पुढच्या वर्षी सूट गेली म्हणून ४,००० जास्त, त्याच्या पुढे २,४००, २,०००, १,२००, ४००, ओडीचा आकडा तोच धरला तर पाच वर्षांत १०,००० गेले. अडीच हजारासाठी दहा हजार. असली किरकोळ कामं गावातल्या डेंटिंगवाल्याकडून रोखीने करून घ्या.

एनसीबी गाडीची नाही, मालकाची असते. जुनी गाडी विकली तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतं. शोरूमवाले हे सांगत नाहीत.

दुसरं, मालकाचं १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर. घरात एकाच माणसाच्या नावावर दोन कार आणि एक स्कूटर असेल तर प्रत्येक पॉलिसीत ते भरायची गरज नाही, एका ठिकाणी पुरतं, बाकीच्यांतून लिहून देऊन काढा. तिसरं व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधले पहिले अमुक पैसे मी भरेन. २,५०० ला ओडीवर २० टक्के सूट पण कमाल ७५०, १५,००० ला ३५ टक्के पण कमाल २,५००. माझ्या मते छोटा आकडा ठीक, पंधरा हजारांचा नको, पावसाळ्यात एक झाड पडलं की सगळं वाचवलेलं गेलं.

चाकरमान्यांच्या गावाकडच्या गाडीसाठी मात्र चांगला मार्ग आहे. गाडी शेडमध्ये झाकून, गणपती, शिमगा आणि मे महिना एवढीच फिरते, तिला वर्षभराचं पूर्ण कशाला भरायचं. जुलै २०२२ पासून किलोमीटरवर आधारित कव्हरला परवानगी आहे, वर्षाला जितकं चालवणार तितक्याचं ओडी. ओडोमीटरचा फोटो द्यावा लागतो. किलोमीटर संपले तर टॉप-अप करता येतं का ते आधी विचारा, नाहीतर मुंबईहून येता-जाताच संपायचे.

आता जुन्या हौशी गाड्या. दहा वर्षांवरच्या गाडीला पत्र्याच्या पार्टवरही ५० टक्के घट कापतात आणि झिरो डेप सहसा मिळत नाही, त्यामुळे पूर्ण ओडी भरून क्लेममध्ये निम्मंच हातात येतं. पद्मिनी किंवा जीप घराच्या आवारात उभी असेल आणि चालवणं क्वचित, तर थर्ड पार्टीसोबत फक्त आग आणि चोरीचं कव्हर मिळतं का ते विचारा, एजंट स्वतःहून बोलत नाही कारण त्यात त्याला फारसं सुटत नाही. पण नदीकाठी उभी असेल तर यात पूर येत नाही हे धरून चला.

विंटेजची वाट प्रत्येकासाठी नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात असलेली, विंटेज म्हणून नोंदवता येते, फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात. तशी नोंद असेल तर थर्ड पार्टीत ५० टक्के सूट आहे. पण मग ती रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. बाजारात मासे आणायला न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी. फक्त रजिस्ट्रेशनची मुदत बघा, १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि २० वर्षांवरच्या कारला २०२५ मध्ये ती फी १०,००० केली आहे. रजिस्ट्रेशन संपलेलं असेल तर क्लेमला अडचण येतेच.

आणि आपल्याकडे हमखास दिसणारी गोष्ट, गाडी अजून आजोबांच्या नावावर. मालक वारल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी असेल तेवढीच चालते. त्या काळात आरसी आणि पॉलिसी वारसाच्या नावावर करा. गाडी मुलाकडे किंवा बायकोकडे आली तर एनसीबीसुद्धा मिळते. घरात हिस्स्याचं बोलणं सुरू असेल तरी गाडीचं आधी उरकून घ्या.

वापराबद्दल पण खरं सांगा. होमस्टेच्या पाहुण्यांना प्रायव्हेट गाडीत पैसे घेऊन गणपतीपुळे-मालवण फिरवणं, किंवा सीझनला आंब्याच्या पेट्या धंद्यासाठी वाशीला नेणं, हे प्रायव्हेट पॉलिसीत बसत नाही, भाड्याने वापर आणि सामानाची वाहतूक दोन्ही वगळलेली असते. अपघातात पाहुणा जखमी झाला तर विषय भलताच मोठा होतो. ओम्नीला गॅस किट असेल तर आरसी आणि पॉलिसी दोन्हीत नोंद हवी.

मुदत संपू देऊ नका. संपली तर परत इन्स्पेक्शन, गाडीचा व्हिडिओ अपलोड करा, वाडीत रेंज नाही म्हणून दिवस जातात, आणि ९० दिवस उलटले की सगळी एनसीबी गेली. विना-इन्शुरन्स पकडलं तर पहिल्यांदा २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पण दंडाचं सोडा, तुमच्या गाडीने कोणी दगावलं तर भरपाई घरच्या बागेतून द्यावी लागेल.

क्लेम नाकारला तर तोंडी उत्तरावर गप्प बसू नका, कुठल्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा, फी नाही, वकील लागत नाही, फक्त एका वर्षाच्या आत जायला हवं. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकता येते. सोबत पॉलिसी, क्लेम नंबर, सर्व्हेअरचा रिपोर्ट आणि ते चिखलाच्या रेघेचे फोटो जोडा.