मेळघाटच्या डोंगरात जाताना जीपीएस यंत्र घ्यावे का?

नरनाळा किल्ल्याच्या माथ्यावर किंवा गाविलगडाच्या तटाकडेने फिरणारा माणूस चुकतो तो बहुधा वाटांच्या गर्दीमुळे. ढोरवाटा, वणवा अडवण्यासाठी वनखात्याने साफ केलेल्या जाळरेषा आणि गावागावांना जोडणाऱ्या पायवाटा एकमेकींत मिसळतात. त्यात श्रावणात पुरुषभर गवत आणि फाल्गुनात सागाचा पाचोळा त्या झाकून टाकतो.

शहानूरच्या नाक्यावर परवानगी घेऊन, स्थानिक वाटाड्यासोबत नरनाळा पाहून त्याच दिवशी परतायचे असेल, तर वेगळ्या यंत्रावर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे. मोबाईलमधील जीपीएसला टॉवर लागत नाही, कारण तो सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संकेत फक्त ग्रहण करतो; टॉवर लागतो तो नकाशा उतरवायला. म्हणून नकाशा अकोट किंवा परतवाड्यालाच उतरवून घ्यावा आणि फोन विमान मोडवर टाकून तो उघडतो का, हे घरीच तपासावे. डोंगरातही हाच मोड चालू ठेवावा, कारण रेंज नसलेल्या भागात टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते.

मुक्कामाची, दोन-तीन दिवसांची चाल असेल, किंवा फोन तापून बंद पडेल अशा वैशाखात निघणे टळतच नसेल (खरे तर ते टाळावेच), तर मात्र पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र घ्यावे, कारण त्याचे सेल जागेवर बदलता येतात आणि फोन निकामी झाला तरी परतीची वाट हाताशी राहते. जाताना चाललेला मार्ग नोंदवत राहावे, वाहन उभे केल्याची जागा, पाण्याचे टाके आणि ज्या दरवाजातून आत शिरलो तो दरवाजा यांवर खुणा कराव्यात, आणि अंधार पडला तर त्याच नोंदीवरून उलट चालावे. मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असणारी जागा खोल दरीत, कड्यावरून परावर्तित झालेल्या संकेतांमुळे, बरीच सरकते. शिवाय यंत्राचा बाण सरळ रेषेतले अंतर दाखवतो. त्याने दरवाजा तीनशे मीटरवर दाखवला तरी मध्ये कडा असू शकतो, म्हणून बाणाच्या दिशेने झाडीत उतरणे हा वाट चुकण्यापेक्षाही मोठा धोका आहे.

खरेदी करताना एक फरक नीट पाहावा. केवळ संकेत ग्रहण करणारे यंत्र बाळगायला अडचण नाही. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र किंवा सॅटेलाइट फोन मात्र भारतात परवान्याशिवाय वापरता येत नाही, आणि परदेशातून आलेल्या नातलगाने भेट दिले म्हणून त्याला सूट मिळत नाही. साधे यंत्र तुम्ही कुठे आहात हे फक्त तुम्हालाच सांगते. त्यामुळे जाण्याचा मार्ग आणि परतण्याची वेळ कागदावर लिहून पायथ्याच्या गावात द्यावी, आणि रेंज मिळालीच तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर पडद्यावरील अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत.