दुसरं बाळंतपण: पहिल्याच्या अंदाजावर बसू नका

पहिलटकरीण कळा सुरू झाल्या म्हणून घाबरीघुबरी होऊन आली की मी तिला आधी चहा द्यायचे. तपासलं तर गर्भपिशवीचं तोंड जेमतेम बोटभर उघडलेलं, पुढे अख्खी रात्र पडलेली. दुसऱ्या खेपेची बाई दारात दिसली की मात्र चहाबिहा नाही. आधी टेबलावर घ्यायचं, हातमोजे चढवायचे, नाव-गाव मागून. पाटण तालुक्यात डोंगरातल्या उपकेंद्रांवर एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणारी नर्स, म्हणून ३१ वर्षं काढली, त्यात सगळ्यात आधी शिकले ती ही गोष्ट.

आता रिटायर आहे. धाकट्या सुनेला आठवा महिना लागलाय, ही तिची दुसरी खेप. "आई, थोरलीच्या वेळी अठरा तास गेले, आता निम्मे धरू का?" असं ती परवा विचारत होती. निम्मे धर, पाव धर, नाहीतर काहीच धरू नकोस, म्हटलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

माझंच आधी सांगते. १९९० साली थोरल्याच्या वेळी मी माहेरी कऱ्हाडात होते. दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर आणि कळा वीस तास. १९९४ ला धाकट्याच्या वेळी सासरी, खोऱ्यात वरच्या अंगाला. आमच्याकडे रिवाजच तसा, पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. म्हणजे जे रेंगाळलं ते दवाखान्याच्या दारात झालं आणि जे झटक्यात व्हायचं होतं त्यासाठी मी डोंगरात जाऊन बसले.

जुलैची संध्याकाळ, बाहेर पाऊस. दुपारपासून कंबर धरलेली, सातच्या सुमारास कळा. चुलीपुढे भाकरी थापत होते. भाकरी तव्यात टाकली की कळ यायची, ती फुगून उतरेपर्यंत जायची. थोरल्याच्या वेळी मी जिला कळ म्हणत होते तिच्यापुढे ही काहीच नव्हती. म्हणून मी, स्वतः नर्स असलेली बाई, हिशेबाने भाकरी पुऱ्या करत बसले. परातीतलं शेवटचं पीठ मळायला घेतलं आणि खालून संडासला लागल्यासारखा जोर आला. नवरा शेजारची ट्रॅक्स आणायला पळाला. गाडीत चढताना पाणमोट फुटली आणि आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात, बाकड्यावर, पोरगं बाहेर. पहिली खरी कळ ते पहिलं रडणं, पावणेतीन तास.

असं का होतं ते सोप्या शब्दांत सांगते. पहिल्या वेळी पिशवीचं तोंड आधी पातळ होतं, मग उघडायला लागतं. ते पातळ होण्यातच कितीतरी तास जातात. दुसऱ्या वेळी दोन्ही कामं बरोबरीने चालतात. काही जणींचं तोंड तर कळा यायच्या आधीच बोट-दीड बोट सैल असतं आणि त्या खुशाल हिंडतफिरत असतात. खालची वाटही एकदा ताणलेली असते, ती लवकर जागा देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यापासून पुरं उघडेपर्यंत पहिलटकरणीला बहुधा १२ तासांच्या वर लागत नाहीत, नंतरच्या खेपांना १० च्या वर लागत नाहीत. पुढे जोर करून बाळ बाहेर यायला पहिल्या वेळी ३ तासांपर्यंत, नंतर २ तासांपर्यंत. हे आकडे वाचून "म्हणजे दोनच तासांचा फरक" असं कुणी म्हणू नका. ही वरची हद्द आहे. प्रत्यक्षात दोनचार कळांत बाळ हातात आलेल्या बायका मी किती बघितल्या त्याची गणती नाही.

दुसरी फसवणूक पोटाची. पहिल्या वेळी दोनतीन आठवडे आधी पोट खाली उतरतं, श्वास मोकळा होतो, आजूबाजूच्या बायका "आता जवळ आलं" म्हणतात. दुसऱ्या वेळी बाळाचं डोकं बऱ्याचदा कळा सुरू झाल्यावरच खाली येतं. त्यामुळे "पोट अजून वरच आहे, वेळ आहे" या म्हणण्याला काही अर्थ नाही. डोकं वर असताना पाणी एकदम गेलं, तर नाळ पाण्याबरोबर खाली सरकायची भीती असते, म्हणून पाणी गेल्यावर चालत फिरायचं नाही, कुशीवर पडून दवाखाना गाठायचा. नाळ बाहेर दिसली तर गाडी येईपर्यंत गुडघे आणि छाती टेकून, ढुंगण वर करून राहायचं आणि गाडीत डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी देऊन न्यायचं. नाळ आत ढकलायची नाही.

खोट्या कळा दुसऱ्या खेपेला जास्त छळतात. संध्याकाळी चारपाच येतात, रात्री झोप लागली की गुल. असं आठवडाभर चालू शकतं आणि मग घरातली माणसं "हिचं रोजचंच" म्हणायला लागतात. तिथेच घात होतो. पारख अशी: लघवी करून या, दोन ग्लास पाणी प्या, कोमट पाण्याने अंघोळ करा, थोडं चाला. थांबल्या तर खोट्या. खऱ्या कळा कमरेतून निघून पुढे ओटीपोटात येतात, मधलं अंतर कमी होत जातं आणि कळेच्या भरात बाईला बोलता येत नाही. सुनेला मी सांगून ठेवलंय, बोलता बोलता मध्येच थांबलीस की मी घड्याळ बघणार.

निघायचं कधी? पहिलटकरणीला आम्ही सांगायचो, कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या की या. दुसऱ्या खेपेला माझा नियम दुखण्यावर नाही, रस्त्यावर आहे. दवाखाना अर्ध्या तासापेक्षा लांब असेल तर दहा मिनिटांच्या अंतराने सलग तीनचार कळा आल्या की उठायचं, कितीही हलक्या असोत. पहिल्या वेळी बाई दोन तासांच्या आत बाळंत झाली असेल, किंवा वाटेत घाट आणि पाऊस असेल, तर तेवढंही थांबायचं नाही, तारखेच्या आठ-पंधरा दिवस आधीच खाली येऊन राहायचं. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा असोत नसोत, निघायचं. दवाखान्यात जाऊन "अजून वेळ आहे" म्हणून परत यावं लागलं तर येऊ दे. शेजारीण हसली तर हसू दे, तिला काय गाडीत बाळंत व्हायचंय?

आणि एक, हे मात्र पाठ करून ठेवा. कळा चालू असताना संडासला लागल्यासारखं वाटलं तर एकटीने संडासात जायचं नाही. दुसऱ्या खेपेला तो निरोप बहुतेक वेळा बाळाच्या डोक्याचा असतो. आमच्याकडे एक बाई "आले पाच मिनिटांत" म्हणून मागच्या दाराने गेली आणि सासू तांब्या घेऊन पोहोचेपर्यंत बाळ तिच्या लुगड्यात होतं. दोघं सुखरूप होते, पण ते नशीब.

वाटेतच झालं तर काय करायचं हे नवऱ्याला आणि गाडीवाल्याला आधी सांगून ठेवा. १०८ ला फोन लावायचा. ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, माझ्या बाळंतपणांच्या वेळी नव्हती. डोकं दिसायला लागलं तर गाडी कडेला घ्यायची. "पाय जुळवून धर" असं कुणी म्हणालं तर त्याला खाली उतरवा, त्याने बाळाचा जीव जाऊ शकतो. डोक्याला हात लावून ओढायचं नाही, फक्त खालून आधार द्यायचा. बाहेर आलं की कोरड्या कापडाने चांगलं पुसायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून दोघांना पांघरूण. नाळ ओढायची नाही, घरातल्या ब्लेडने कापायचीही नाही. वार आपोआप पडली तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यायची.

एवढं "लवकर, लवकर" वाचून कुणाला वाटेल की दुसरं म्हणजे सोपंच. नाही. ज्या गोष्टीने माझ्या हाताला घाम फुटायचा ती उलटीच आहे. दुसऱ्या खेपेला कळा जोराच्या आहेत, तास जातायत आणि बाळ खाली सरकत नाही. पहिलटकरणीची पिशवी अशा वेळी बहुधा दमते, कळा ढिल्या पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची पिशवी दमत नाही, ती अडलेल्या बाळावर जोर करत राहते आणि फाटू शकते. बाळ पहिल्यापेक्षा मोठं असेल, तोंड वर करून बसलं असेल, आडवं असेल, काहीही असू शकतं. "पहिलं नीट झालं, हेही होईल" म्हणून वाट बघत बसू नका. कळा वाढवायचं इंजेक्शन कुणी घरी येऊन टोचत असेल तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

पहिलं सिझर असेल तर हे सगळं गणित बदलतं. नीट बाळंतपण पुष्कळ जणींचं होतं, पण जुन्या टाक्यावर ताण येऊन तो उसवायची जोखीम असते, साधारण दोनशेत एक. म्हणून अशा बाईने कळा काढायच्या त्या रात्री-अपरात्री ऑपरेशन होऊ शकतं अशाच ठिकाणी. पहिल्या वेळचा डिस्चार्ज कागद सोबत पाहिजे, पिशवीवर छेद कसा घेतला होता ते त्यावरून कळतं. आणि पहिल्या वेळी कळाच आल्या नव्हत्या, तारीख देऊन सिझर झालं होतं, तर तुमच्या पिशवीच्या तोंडाच्या दृष्टीने तुम्ही पहिलटकरीणच. तुमचा वेळ पहिल्यासारखा लागेल, घाबरू नका.

आता टाके. पहिल्या वेळी कट दिला होता म्हणून दुसऱ्या वेळी द्यावाच लागतो असं नाही, बऱ्याच जणींना एखादा टाका पडतो किंवा पडतही नाही. डोकं बाहेर येताना सिस्टर "जोर करू नको, फू फू कर" म्हणेल तेव्हा ऐका. पहिल्या वेळची आठवण धरून बायका नको तेव्हा सगळी ताकद लावतात.

बाळंत झाल्यावर एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. दुसऱ्या खेपेला नंतरच्या कळा पहिल्यापेक्षा खूप जोरात येतात. बाळाने दूध ओढलं की पोटात मुरडा. पिशवी पुन्हा आवळत असते आणि पाजताना तिला जोर येतो. धाकट्याला पहाटे पाजत असताना मी पाय पोटाशी घेऊन कुडकुडत होते आणि खरंच वाटलं की आत अजून एक राहिलंय. दोनतीन दिवसांत थांबतात. पाजायच्या आधी लघवी करून या, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. हात लावून बघा, बेंबीच्या खाली पिशवी नारळासारखी घट्ट लागली पाहिजे. मऊ लागली आणि तासाभरात पॅड भिजून चिंब होत असेल तर तो मुरडा नाही, ताबडतोब सिस्टरला हाका मारा. पहिल्या वेळी रक्त जास्त गेलं होतं का, वार अडकली होती का, हे नाव नोंदवतानाच सांगायचं. पहिल्या बाळंतपणाचं माता-बाल संरक्षण कार्ड म्हणूनच जपून ठेवायचं असतं, मी कितीतरी घरांत ते मिसरीच्या डब्याखाली सापडलेलं बघितलंय. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पहिल्या वेळी अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं होतं का ते बघा. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर याही वेळी ७२ तासांच्या आत घ्यावं लागतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गोळ्या चुकवू नका, थोरलं अंगावर पीत असतानाच दिवस गेलेल्या बाईचं रक्त हमखास कमी असतं.

पैशांचंही सांगून टाकते. मातृवंदना योजनेत पहिल्या वेळी ५,००० मिळतात. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,०००, तेही एकरकमी. कागद आशाताईंकडे वेळेत द्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि घरी सोडायची गाडी यांचे पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर पावती मागा.

थोरल्या पोराला विसरू नका. धाकटा झाल्यावर थोरल्याला दवाखान्यात आणलं तेव्हा तो चार वर्षांचा, माझ्याकडे न बघता खाटेखाली शिरला आणि माझ्या चपला छातीशी धरून बसला. बाळ मांडीवर होतं, हात मोकळे नव्हते. त्या दिवसापासून मी प्रत्येकीला सांगत आले, थोरलं भेटायला येईल तेव्हा बाळ दुसऱ्या कुणाच्या हातात द्या.

सुनेची तारीख आषाढात आहे. खोऱ्यातला रस्ता त्या दिवसांत दरड आली की बंद. म्हणून ठरवलंय, तारखेच्या पंधरा दिवस आधी ती कऱ्हाडला तिच्या मावशीकडे, मी बरोबर. रिवाजाचं काय ते माझं मी बघून घेईन. बॅग भरून दाराशी आहे, त्यात जुनं कार्ड, दोन सुती लुगडी, टोपरं, बिस्किटांचा पुडा, वरच्या कप्प्यात दोन गाडीवाल्यांचे नंबर लिहिलेला कागद. थोरलीने आजोबांपाशी राहायचं की आमच्याबरोबर यायचं, यावर घरात अजून भांडण चालू आहे.