लहान निसर्ग-ग्रुपवर बोलायचं कसं: आधी उत्तर, मग फोटो

मुलुंड, बोरिवली, दादर, चेंबूर, कुठेही बघा, पक्षी-झाडं-साप-फुलपाखरं यांच्यावर बोलणारा एखादा छोटा व्हॉट्सॲप ग्रुप सापडतोच, पन्नास-साठ लोकांचा, त्यातले बोलणारे आठ-दहा. बाकीचे लोकलमध्ये बसून वाचतात, फोटो बघतात, कधीतरी आपणही बोलावं असं वाटतं पण सुरुवात कुठून करायची कळत नाही. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

मोठ्या ग्रुपच्या सवयी इथे आणायच्या नाहीत, हे सगळ्यात आधी. हजार लोकांच्या ग्रुपवर तुमचा फोटो वाहून गेला तर कोणाला पत्ता लागत नाही. पण पन्नास जणांत एखाद्याने 'हे काय आहे?' विचारलं, बऱ्याच जणांनी ते वाचलं आणि रात्रीपर्यंत कोणीच काही बोललं नाही, तर तो माणूस परत विचारत नाही. असे चार जण गप्प झाले की ग्रुपवर फक्त सणाच्या शुभेच्छा उरतात. म्हणून माझं ठाम मत आहे की लहान ग्रुपवर स्वतःचा फोटो टाकण्यापेक्षा दुसऱ्याच्या फोटोला उत्तर देणं जास्त महत्त्वाचं, आणि उत्तर म्हणजे अंगठा नाही, शब्द.

नवीन आलात की आधी ग्रुपचं डिस्क्रिप्शन आणि वर पिन केलेला मेसेज वाचा. तुम्ही यायच्या आधीचे मेसेज सहसा दिसत नाहीत, त्यामुळे थोडे दिवस नुसतं वाचलंत तरी चालेल, कोण झाडांचं बोलतं, कोण सापांचं, कोणाला काका म्हणतात आणि कोणाला मॅडम ते आपोआप कळतं. मग दोन ओळींत स्वतःबद्दल सांगा. शिक्षण, हुद्दा नको, कुठे राहता आणि सकाळी कुठे फिरता ते सांगा. 'मी भांडुपला राहते, रोज पंपिंग स्टेशनच्या रस्त्याने चालायला जाते' एवढं वाचलं की चार जण लगेच विचारतात, आज काय दिसलं? झाली सुरुवात.

आता प्रश्न विचारणं. नुसता फोटो आणि खाली 'आयडी प्लीज', म्हणजे हे कोण ते ओळखून सांगा, असं टाकू नका, कारण समोरच्याला त्यातून फार काही मिळत नाही. कुठे दिसला, किती वाजता, साधारण केवढा, चिमणीएवढा की कावळ्याएवढा, काय करत होता, आवाज ऐकला का, हे लिहा. फोटो पाठवताना एचडी करा, व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि मग पिसांवरचे ठिपके दिसतच नाहीत, स्क्रीनशॉट तर नकोच. आणि तुम्हाला काय वाटतं तेही लिहा, चुकलं तरी चालेल. 'घार वाटतेय, पण शेपटीला खाच दिसत नाही, म्हणून शंका आहे' हा फार चांगला प्रश्न आहे, कारण उत्तर देणाऱ्याला कळतं की तुम्ही कुठे अडलाय.

उन्हाळ्यात जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक फोटो येतोच, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके-पट्टे असलेला पक्षी, आणि विचारणारा एकदम उत्साहात असतो की काहीतरी दुर्मिळ सापडलं. ती कोकिळा असते, मादी. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा, कुहूकुहू करणारा तो नर. जुन्या मेंबरांना हे शंभरदा सांगून झालेलं असतं, पण विचारणाऱ्याने पहिल्यांदाच बघितलेलं असतं ना! 'सर्च करा ना आधी' असं म्हणू नका प्लीज. पूर्ण उत्तर द्या, आणि एक प्रश्न परत विचारा, 'आसपास कावळ्याचं घरटं आहे का बघा' असा. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते हे माहीत असतं सगळ्यांना, पण स्वतःच्या खिडकीतून ते शोधायला लागला की तो माणूस दुसऱ्या दिवशी ग्रुपवर काहीतरी सांगायला येतो.

चूक सुधारताना कारण द्यायचं, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. समजा एखाद्या काकांनी सापाचा फोटो टाकला आणि लिहिलं 'मण्यार'. तुम्हाला वाटतंय कवड्या. 'चूक, कवड्या आहे' असं लिहिलंत तर काका दुखावतात आणि बाकीचे काहीच शिकत नाहीत. त्याऐवजी त्यांच्या मेसेजलाच रिप्लाय करून लिहा, 'काका, मला कवड्या वाटतेय, पट्टे डोक्याजवळ ठळक आहेत आणि शेपटीकडे पुसट होतायत, मण्यारीचे मानेच्या जरा मागून सुरू होऊन शेपटीपर्यंत जातात, तुम्हाला कसं दिसतंय?' आता हे वाचणारे सगळे पुढच्या वेळी पट्टे बघतील. आणि ज्याला चूक दाखवली त्याने मूळ मेसेज डिलीट करू नये, ही कळकळीची विनंती. तो गेला की खालची सगळी चर्चा लोंबकळत राहते, सहा महिन्यांनी कोणी सर्चमध्ये 'मण्यार' टाकून शोधलं तर अर्धंच सापडतं. खाली 'बरोबर, कवड्याच' एवढं लिहा, पुरतं.

सापाचं आलंच आहे तर एक सांगतो, घरात किंवा सोसायटीत साप असेल तर ग्रुपवर आयडी विचारत बसू नका. त्याच्यापासून लांब राहा, एकाने लांबूनच नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ ला फोन करा. फोटोवरून 'बिनविषारी आहे, उचला' असं तर कोणीच कोणाला सांगू नये, कितीही खात्री असली तरी. आणि चावला असेल तर सरळ हॉस्पिटल.

हे असं आपण काय बघितलं ते एकमेकांना सांगणं मुंबईला नवीन नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली आठ जणांनी सुरू केली, त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते, भेटायचं आणि आपापल्या नोंदी, नमुने एकमेकांना दाखवायचे एवढाच उद्योग. १८८६ पासून त्यांचं जर्नल निघतं, त्यात किरकोळ नोंदींचा वेगळा भाग असतो, कोणाला कुठे काय दिसलं त्याच्या छोट्या छोट्या नोंदी, आणि अभ्यासक त्या आजही उघडून बघतात कारण तारीख आणि जागा लिहिलेली असते. तुमच्या मेसेजमध्येही तारीख-जागा असेल तर त्याचा कोणालातरी पुढे उपयोग होईल, नसेल तर तो नुसता छान फोटो.

पण जागा लिहायची तीही तारतम्याने. घुबड दिवसा बसतं ते झाड, कुठल्याही पक्ष्याचं घरटं, पिल्लं, बिबट्या नेहमी येतो ती वाट, हे ग्रुपवर नेमकं सांगायचं नाही, लोकेशन पिन तर मुळीच नाही. पुढच्या रविवारी तिथे कॅमेरेवाल्यांची रांग लागते आणि पक्षी घरटं सोडून जाऊ शकतात. 'आरेमध्ये' किंवा 'नॅशनल पार्कच्या बाजूला' एवढं बास. कोणी खोदून विचारलं तर सरळ सांगा, घरट्याची जागा आम्ही देत नाही, राग मानू नका.

बिबट्याचे फॉरवर्ड व्हिडिओ येतात, 'आत्ता आपल्या कॉम्प्लेक्समध्ये' म्हणून, वर दोन बाण असतात म्हणजे तो खूपदा फिरून आलाय. टाकणाऱ्याला झापू नका, फक्त विचारा, हा कोणी काढला, कधीचा आहे? उत्तर आलं नाही तर ॲडमिनला सांगा, तो सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. हा एक मेसेज डिलीट झालेला चांगला.

व्हॉइस नोटबद्दल, पक्ष्याचा आवाज रेकॉर्ड करून टाकायला यापेक्षा सोपं काही नाही, जरूर टाका. बोलणं मात्र टाइप करा, चार मिनिटांची व्हॉइस नोट गर्दीत ऐकता येत नाही आणि नंतर सर्चमध्ये सापडत नाही. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, बऱ्यापैकी उमटतं.

फिरायला जायचं ठरवताना वेळ आणि भरती-ओहोटी दोन्ही लिहा. किनाऱ्यावरचे खेकडे, शंख, समुद्रफुलं बघायची तर ओहोटी लागते, फ्लेमिंगो जवळून बघायचे तर भरतीच्या आसपास, आणि ही वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. आणि कोणी विचारलं 'रविवारी जुहूला कोण येतंय?' तर येणार नसाल तरी 'नाही जमणार' लिहा, विचारणारा वाट बघत असतो.

भांडणं होतात, व्हायचीच. २०२५ मध्ये पालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकून कबुतरांना दाणे घालणं बंद केलं तेव्हा मुंबईत कुठल्या ग्रुपवर वाद झाला नसेल! कबुतरं आणि भटकी कुत्री हे दोन विषय निघाले की माणसं पार बदलतात. अशा वेळी ज्या वाक्याशी तुमचं पटत नाही त्याच मेसेजला रिप्लाय करा, माणसाच्या जातीधर्मावर, वयावर जाऊ नका, 'तुम्ही लोक' हा शब्द तर नकोच. श्वसनाच्या आजाराबद्दल बोलत असाल तर तेवढंच बोला, श्रद्धेबद्दल बोलत असाल तर तेवढंच, दोन्ही एकाच मेसेजमध्ये कोंबलं की कोणालाच उत्तर देता येत नाही. तेच तेच तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की थांबा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने तांबट पक्ष्याचा फोटो टाकला तर त्याला नेहमीसारखं उत्तर द्या, काल काय झालं ते मध्ये आणू नका.

शेवटचं, नंबर सगळ्यांना दिसतात म्हणून कोणालाही परस्पर मेसेज करायचा नाही, विशेषतः मुलींना, बायकांना. काही विचारायचं असेल तर ग्रुपवरच विचारा, 'ताई, तुम्हाला पर्सनलवर एक विचारू का?' हो म्हणाल्या तरच. नाही म्हणाल्या किंवा गप्प राहिल्या तर विषय तिथेच सोडायचा, आणि कोणी तुम्हालाच असा त्रास देत असेल तर स्क्रीनशॉट काढून ॲडमिनला लगेच पाठवा, ग्रुपचं वातावरण बिघडेल असा विचार करत थांबू नका.